तसबिरीची पाठ

लातुरात सध्या दहा-बारा दिवसांनी नळाला पाणी येतं. नक्की कधी, ते विचारू नका. गच्चीवर टाकी, मोरीत पिंप, पलंगाखाली घागरी, एवढं करूनही घरातलं बाईमाणूस दिवसभर नळाकडं कान लावून असतं. सगळी नोकरी पोरांच्या गोंगाटात गेली, निवृत्त झाल्यावर निवांत वाचत बसेन म्हटलं होतं. कुठलं काय! चैत्र संपत आलाय, खिडकीच्या गजांना हात लावायची सोय नाही, आणि मी रिकामी भांडी भरलेल्यांच्या पुढं-मागं सरकवत बसले आहे.

असा उन्हाळा आला की माझ्या नाकात आधी दगडाचा वास येतो. दगडाला वास असतो, हे दुष्काळी कामावर न गेलेल्या माणसाला पटत नाही. हातोडा नीट बसला की एक जळकट वास उठतो आणि घामात मिसळून लुगड्यात बसतो. बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या कुशीत झोपताना हाच वास यायचा. पुढं चांगले पाऊस झाले, विहिरी भरल्या, तरी तो वास मला तिच्या अंगाला येत राहिला.

गेल्या पंधरवड्यात चिगव्वा माझ्याकडं राहायला आली. कर्नाटक हाकेच्या अंतरावर, त्यामुळं आमच्या निलंग्याच्या बाजूला कितीतरी घरांत आई ही अव्वा आणि धाकट्या काकाची बायको ही चिगव्वा. गावातली बोअर आटली. टँकरपाशी सत्तरीची बाई कुठं रेटारेटी करणार, म्हणून मीच जाऊन घेऊन आले. पिशवीत दोन लुगडी, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, एवढाच तिचा संसार. काका जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही.

घरात आल्या आल्या तिनं समोरच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं अप्पांचा, माझ्या वडिलांचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. शेजारी अव्वाचा. चिगव्वानं दोघांना हात जोडले. मग चारी भिंतींवरून नजर फिरवून विचारलं, "ती कुठाय?"

"कोण ती?" मी वेड पांघरलं.

"उगं शिकवू नको मला. ती कुठाय?"

"माळ्यावर आहे. अव्वाच्या लुगड्यात बांधून ठेवलीय."

"बरं," ती म्हणाली आणि पाय धुवायला गेली. तांब्याभर पाण्यात पाय, तोंड, हात सगळं धुतलं आणि उरलेलं कुंडीत ओतलं. 

ती म्हणजे बाई. दिल्लीची बाई. आमच्या घरात तिचं नाव घ्यायची गरज कधी पडली नाही, इथंही पडू नये. मला ती आवडते, हे आधीच सांगून टाकते. शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आठवड्याला एकदा तिच्यावरून जुंपते. एक म्हणते साक्षात दुर्गा, दुसरी म्हणते हुकूमशहा, आणि दोघीही मला विचारतात, तू कुठल्या बाजूची? आता काय सांगू? तिनं विरोधकांना तुरुंगात घातलं, वर्तमानपत्रांची तोंडं बांधली, हे सातवी-आठवीच्या वर्गात मीच शिकवलं आहे, काहीही न लपवता. शिकवून झाल्यावर घरी येऊन स्वयंपाक करताना मला ती पुन्हा आवडायची. माझ्यात काहीतरी खोट असेल. पण ती खोट कुठून आली, ते मला नेमकं माहीत आहे.

आमचं घर शेतीवाल्यांचं. बायकांनी बांध ओलांडून मजुरीला जायचं नाही, असा दंडक. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी तो दंडक आपोआप मोडला. अप्पा तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला शाळेवर, शनिवारी सायकलवर यायचे. खाणारी तोंडं अकरा. मग एका सकाळी अव्वा, चिगव्वा आणि काका तिघं भाकरी बांधून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. अव्वानं पदर इतका पुढं ओढला होता की तिला वाट दिसत होती की नाही कोण जाणे. चिगव्वा नवी नवरी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हळदीचे हात म्हणतात ते हात तिनं पहिल्याच आठवड्यात सोलून घेतले.

तिथं फोडलेल्या खडीचा ढीग करायचा आणि संध्याकाळी मुकादम बुडाशिवायच्या लाकडी पेटीनं तो मापायचा. बऱ्याच बायका आत मोठे धोंडे रचून वरून बारीक खडी पसरायच्या. ढीग लवकर उंच व्हायचा. अव्वा आणि चिगव्वा एकच ढीग करायच्या, दोघींचा मिळून, आणि त्यात धोंडा नसायचा. काका शेजारी मोठे दगड फोडून द्यायचा. एकदा एक कपची उडून त्याच्या उजव्या डोळ्याला लागली. गावच्या वैदूनं काहीतरी घातलं, लाली गेली, पण डोळा गळायचा थांबला नाही. बोलताना, जेवताना, हसताना त्या डोळ्यातून पाणी. मला वाटायचं काका रडतोय, आणि मी त्याला माझी चिंधी द्यायचे.

एक दिवस निरोप आला की दिल्लीची बाई दुष्काळ बघायला निघाली आहे आणि आपल्याच रस्त्यानं जाणार आहे. सकाळपासून बायका रस्त्याच्या कडेला उभ्या. मी अव्वाच्या मांडीला चिकटून. डांबर नव्हतंच, नुसती खडी, त्यावर ऊन असं की चप्पल असलेल्यांचेही पाय पोळत होते. दुपार टळली तेव्हा धुरळ्यातून गाड्या आल्या. थांबली एकही नाही. एका गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, पांढऱ्या बाहीचा, हलला आणि गेला. एवढंच. धुरळा खाली बसला. मग चिगव्वा अव्वाला म्हणाली, "अक्का, तिनं आपल्याला हात केला."

शनिवारी आलेल्या अप्पांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बाईंचा दौरा तर तिकडून गेला. तुम्ही कुण्या साहेबाची गाडी बघितली असंल." गाडीत तीच होती का, हे आजही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या दोघींना कोण समजावणार? पुढच्या बाजाराला चिगव्वानं निलंग्याहून बाईची तसबीर आणली. डोक्यावरून पदर, नजर सरळ बघणाऱ्यावर. आम्ही लिंगायत, गळ्यातलं लिंग सोडून कुणापुढं फूल ठेवत नाही, म्हणून तसबीर देवाजवळ न लावता चुलीच्या वर, पिठाच्या डब्याशेजारी लावली. अव्वा भाकरी थापता थापता तिच्याकडं बघायची. एकदा मला म्हणाली, "घरात चार गडी बोलाय लागले की आपण दाराआड. अन् ही बोलाय लागली की समदे गडी खाली बसून ऐकत्यात. ध्यानात ठेव." मी ठेवलं. पुढं शिक्षिका होऊन पहिल्यांदा वर्गापुढं उभी राहिले, तेव्हा मला ती तसबीरच आठवली.

दुष्काळ सरला. दोन-तीन वर्षांनी ते दिवस आले ज्यांत गाड्या वेळेवर सुटायच्या आणि साहेब लोक खुर्चीत सापडायचे. अप्पांना त्या शिस्तीचं फार कौतुक. मग शाळांवर हुकूम आला. प्रत्येक मास्तरानं ऑपरेशनची माणसं आणायची. नसबंदी हा शब्द घरात कोणी उच्चारत नव्हतं, सगळे ऑपरेशनच म्हणायचे. नाही आणली तर पगार बंद, बदली कुठंतरी लांब. गावातले गडी मास्तर दिसला की ज्वारीत शिरायचे. अप्पा वाळत चालले. शनिवारी घरी आले की जेवायचे नाहीत, सायकल पुसत बसायचे. त्यांची एकच केस कमी पडत होती.

एका सकाळी ते काकाला म्हणाले, "चल, डोळ्याचा कॅम्प लागलाय. तुझं पाणी गळतंय ते दाखवू." काकानं धुतलेला सदरा घातला. चिगव्वानं त्याला दारापर्यंत येऊन सांगितलं, की डाक्तरला नीट सांगा, कपची उडाली होती म्हणून. जीप वेशीपाशी उभी होती. मी स्वतः त्याला जीपमध्ये चढताना बघितलं. त्यानं मला हात केला.

संध्याकाळी परत आला तेव्हा तो हळूहळू, पाय फाकवून चालत होता. डोळा तसाच गळत होता. चिगव्वाला तेव्हा विसावं लागलं होतं आणि घरात अजून पाळणा हलला नव्हता.  काका भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "दादाची नोकरी राहिली." अप्पा बाहेर ओसरीवर होते. त्यांनी हे ऐकलं, आणि रात्र पडायच्या आत सायकल काढून शाळेच्या गावी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायची पाळी चिगव्वाची होती. तिनं राख काढली, चूल सारवली, जाळ केला, आणि पिठाचा डबा काढता काढता तसबिरीचं तोंड भिंतीकडं केलं. मागचा पुठ्ठा आणि सुतळी तेवढी दिसायला लागली. थोड्या वेळानं अव्वा लिंगपूजा करून, कपाळाला इबूत लावून आत आली. तिनं पाहिलं, तसबीर सरळ केली आणि परात ओढून भाकरीला बसली.

त्यानंतर हे रोज चाललं. रोज म्हणजे रोज. पहाटे चिगव्वा तोंड फिरवायची, पूजा झाली की अव्वा सरळ करायची. दोघी एकाच चुलीवर, एकाच परातीत, एकमेकींच्या केसांतल्या उवा काढणाऱ्या, पण त्या तसबिरीबद्दल एक शब्द नाही. मी दहावीच्या अभ्यासाला पहाटे उठून चुलीजवळ बसायचे आणि पुस्तकातून डोकं वर न काढता वाट बघायचे. सुतळी खिळ्यावर घासल्याचा बारीक आवाज यायचा. मग वाटायचं, की आज तरी कुणीतरी बोलेल, आज तरी काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. मला अव्वाचाच राग यायचा. एवढं काय त्या बाईचं वेड? ज्या बाईच्या राज्यात आपल्या दिराला असं फसवून नेलं, तिचं तोंड बघायला जावेला रोज भाग पाडायचं, हा कसला दुष्टपणा?

पुढं उस्मानाबादेतून फुटून आमचा लातूर जिल्हा झाला. अप्पांनी पेढे आणले. आता प्रत्येक कामाला लांब जायला नको, कचेरी जवळ, दवाखाना जवळ, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. गावात उठलं होतं की लातुरात आता मोठमोठे डॉक्टर येणार आणि ऑपरेशन उलटवून देणार. अव्वानं अप्पांना न विचारता काका-चिगव्वाला एसटीत बसवलं, मलाही बरोबर घेतलं, कारण पाट्या वाचायला कुणीतरी हवं होतं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं काकाला तपासलं आणि हात धूत धूत सांगितलं की फार उशीर झाला, आशा धरू नका. येताना चिगव्वा खिडकीशी बसली. निलंगा येईपर्यंत तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली आणि सोडली, मारली आणि सोडली.

घरी अप्पा पेढ्याचा पुडा घेऊन दारात. "कुठं गेल्तात?" अव्वानं सांगितलं. अप्पांचं तोंड उतरलं. मग ते म्हणाले, "मी काय करणार होतो? हुकूम वरून होता. बाईचा होता."

अव्वा कधी अप्पांपुढं आवाज चढवून बोलली नाही, त्या दिवशीही नाही. ती म्हणाली, "हुकूम बाईचा आसंल. तिचं पाप तिच्यापाशी. पण ती काय दिल्लीहून येऊन त्येला जीपीत बसवली न्हाई. डोळ्याचं नाव सांगून बसवला त्यो ह्या घरातला माणूस हाय." आणि आत जाऊन, संध्याकाळची वेळ असूनही, सकाळच्या एसटीच्या घाईत उलटीच राहिलेली तसबीर तिनं सरळ केली.

मी दारात उभी होते. तेव्हा मला कळलं की अव्वा इतकी वर्षं रोज सकाळी काय करत होती. बाईला भिंतीकडं वळवलं की सगळं बाईच्या माथी जातं आणि अप्पा सुटतात. ती त्यांना सुटू देत नव्हती. त्यानंतर अप्पा स्वयंपाकघरात जेवायला आले नाहीत. त्यांचं ताट ओसरीवर जायचं.

मला हे कळलं तरी पचलं नाही. कारण अप्पा माझे लाडके. मुलीला शिकवून काय करता, असं भावकी विचारत असताना त्यांनी मला सायकलवर मागं बसवून डी.एड.चा फॉर्म भरायला नेलं होतं. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला त्यांनी शिकवलं. मी जी काही आहे ती निम्मी त्यांची आहे. आणि उरलेली, खरं सांगते, त्या तसबिरीची.

बाई गेली ती बातमी रेडिओवर आली तेव्हा अव्वा शेतात होती. मी धावत घरात आले. चिगव्वा चुलीपुढं उभी होती, आणि तिनं स्वतःच्या हातानं तसबीर सरळ केली होती. पदरानं काच पुसत होती. मला म्हणाली, "गोळ्या घातल्या म्हणं गं, घरातल्याच राखणदारांनी." आमच्यात सुतक पाळत नाहीत. तरी दहा-बारा दिवस तसबिरीला कोणी हात लावला नाही. मग एका पहाटे पुन्हा सुतळीचा आवाज आला, आणि मला, काय सांगू, बरं वाटलं.

तर अशी ती तसबीर. अव्वा गेल्यावर घर मोडलं, वाटण्या झाल्या, आणि मी ती उचलून लातूरला आणली. माळ्यावर टाकली, कारण भिंतीवर अप्पा होते. दोघांना समोरासमोर ठेवायची माझी हिंमत नव्हती. चिगव्वानं "ती कुठाय" विचारलं तेव्हा मी वेड पांघरलं ते त्यासाठी. माझ्याकडं वडीलधारं असं एवढं एकच माणूस उरलंय. ती माझ्या बापाबद्दल तोंड उघडील आणि मला बापाची बाजू घ्यावी लागेल, किंवा घेता येणार नाही, ही खरी भीती.

चार दिवस तिनं विषय काढला नाही. पाचव्या दिवशी मला स्टुलावर चढवलंच. काच पिवळी पडली होती, सुतळी कुजली होती. नवी दोरी ओवून मी तसबीर अव्वाच्या फोटोपलीकडं लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर बाईचं तोंड भिंतीकडं. मला हसू आलं. मी सरळ केलं. चिगव्वा खुर्चीत बसून बघत होती.

"तुजी माय बी आशीच करायची," ती म्हणाली.

"चिगव्वा, एक विचारू? एवढा राग होता तर फोडून का नाही टाकलीस? तूच तर आणली होतीस."

"दुष्काळात पोटाला दिली की गं तिनं. ती कशी फोडू?"

"मग रोज तोंड का फिरवायचीस?"

तिनं पाय लांब केले. मग गुडघे चोळत म्हणाली, "भावजींचं कसं फिरवू? त्येंच्या घरात खायाचं, त्येंच्या ओसरीवरनं यायचं-जायाचं. त्येंचं तोंड दिसलं की माझं काळीज जळायचं. पण थोरला दीर. मग हिचं फिरवायची. ही काय बोलती मला?" मग म्हणाली, "अक्काला समदं कळत होतं. म्हणून तर ती सरळ करायची. रोज सकाळी वाटायचं, ह्या घरात एकीला तरी कळतंय."

 त्या ऑपरेशननंतर मतदानाला तिनं शिक्का कुठं मारला होता, हे विचारायचं कित्येक वर्षं मनात होतं, तेही विचारून घेतलं. "नवऱ्याला सांगितली न्हाई, तुला काय सांगू," म्हणाली.

काल सकाळी पाणी आलं. मी पिंपं भरायला धावले. अर्ध्या-पाऊण तासानं पदराला हात पुसत बाहेर आले आणि तिथंच थांबले. बाई सरळ होती. अप्पांचा फोटो भिंतीकडं वळवलेला होता. चंदनाचा हार काढून, नीट घडी करून टीव्हीवर ठेवलेला. स्टूल भिंतीला लागून, आणि चिगव्वा खाली बसून धापा टाकत होती.

माझं डोकं फिरलं. सत्तरीची बाई स्टुलावर चढते म्हणजे काय, हा राग की अप्पांना उलटं केलं हा राग, ते मला सांगता येणार नाही. मी स्टुलावर चढले, फोटोला हात घातला.

"आजच्या दिस ऱ्हाऊ दे गं," ती खालून म्हणाली. "उद्या सरळ कर."

माझा हात फोटोवर तसाच. ओसरीवर एकटे जेवणारे अप्पा मला दिसले. धुतलेला सदरा घातलेला काका दिसला, जीपमधून मला हात करणारा. मरायच्या आदल्या दिवशीही त्याचा तो डोळा गळत होता, आणि आम्ही कधी कुणी तो खरंच डोळ्याच्या डॉक्टरला दाखवला नव्हता. मी हात काढून घेतला, खाली उतरले आणि चहा ठेवला. दिवसभर त्या भिंतीखालून ये-जा केली. शेजारची आली, तिनं विचारलं, मी म्हटलं, असू दे.

आज सकाळी माझी पाळी होती. मी लवकर उठले, अंघोळ आटोपली, त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. फोटोच्या पाठीचा पुठ्ठा, त्यावरचा गंजलेला खिळा. माझा हात वर गेला नाही. अव्वासारखी मी नाही, पण तिचीच मुलगी आहे. मी आत जाऊन आधण ठेवलं.

दोन कप घेऊन बाहेर आले तर चिगव्वा स्टुलावर उभी होती, एक हात भिंतीला टेकवून. तिनं अप्पांना सरळ केलं. पदराचं टोक ओलं करून काच पुसली. मी धावत जाऊन तिला धरलं.

"हार तू घाल," ती म्हणाली.